वेलेलाची बरणी

मार्चचा दुसरा पंधरवडा लागला की माझ्या हातांना फॉर्मॅलिनचा वास येतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. बायको म्हणते, वास कसला, काही येत नाही. मला येतो. याच दिवसांत आमच्या नागपुरातला सकाळचा गारवा आठवडाभरात पसार होतो, माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, त्यांच्या वाळ्याच्या ताट्या बदलून देणारे गल्लोगल्ली ओरडत फिरतात आणि कॉलेजांत प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होतात. परीक्षेचा हंगाम आला की लोकांना आपण दिलेले पेपर आठवतात. मला मी घेतलेली परीक्षा आठवते. तीही एकच, एका मुलीची, आणि आठवली की मान खाली जाते.

मी प्राणिशास्त्र शिकवायचो. बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात समुद्र भरपूर होता आणि नागपुरात तो अजिबात नव्हता. पूर्वेचा घ्या नाहीतर पश्चिमेचा, आमच्यापासून दोन्ही सारखेच लांब. लग्नानंतर एकदा किनाऱ्यावर बसून मी भेळ खाल्ली होती, तेवढीच माझी त्याची प्रत्यक्ष ओळख. बाकी माझा सगळा समुद्र प्रयोगशाळेतल्या तीन कपाटांत, काचेच्या बरण्यांत, फॉर्मॅलिनमध्ये बुडून बसलेला होता. निळे, जांभळे, गुलाबी असे सगळे जीव तिथे येऊन एकाच पिवळट रंगाचे होत. मुलं प्राणी ओळखत नसत, बरण्या ओळखत. झाकणाला चीर गेलेली ती अमक्याची, तळाशी गाळ बसलेली ती तमक्याची. ही विद्या मागची बॅच पुढच्या बॅचला देऊन जायची. मला हे पक्कं ठाऊक होतं, कारण मीही तसंच ओळखायचो.

तरी शिकवायला मला सगळ्यात आवडायचा तो धडा याच समुद्राचा होता. जमिनीवर डोंगर आडवा येतो, नदी येते, वाळवंट येतं. खुल्या समुद्रात काय आडवं येतं? पाणीच पाणी, कुंपण नाही, नाका नाही. मग एखादा जीव सगळ्या समुद्रभर का पसरत नाही? त्याची एक ठराविक हद्द असते, त्यापलीकडे तो सापडत नाही. का? हा प्रश्न फळ्यावर लिहून मी दोन मिनिटं गप्प उभा राहायचो आणि स्वतःवर खूश व्हायचो. मग नोट्स काढून क्रमाने वाचून दाखवायचो: खारेपणा, तापमान, प्रकाश, दाब, अन्न, प्रवाह. मुलं उतरवून घ्यायची. प्रश्न खरा होता, उत्तर मात्र वीस वर्षं जुन्या कागदावरचं होतं.

त्या वर्षी तिसऱ्या बाकावरून एक हात वर झाला. विशाखा. सक्करदऱ्याहून सायकलने येणारी, वडील बुटीबोरीच्या कापड कारखान्यात पाळीवर जाणारे. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, हे ती एकदा बोलता बोलता सहज सांगून गेली होती. तिने विचारलं, "सर, खुल्या समुद्रात खारेपणा तं जवळपास सारखाच असते ना? फार फरक पडत नाही. मंग तो पहिल्या नंबरवर काहून?"

प्रश्न अगदी बरोबर होता. नदीच्या मुखाशी, खाडीत खारेपणा पहिला येतो. भर समुद्रात खरी सत्ता उष्णतेची आणि अन्नाची. मी म्हणालो, "नोट्समध्ये आहे तसं लिही." वर्ग हसला. तीही हसली आणि खाली बघून लिहू लागली.

पण ती वाचायची थांबली नाही. ग्रंथालयातलं जाडं पुस्तक तिनेच दोनदा नेलं होतं. मधल्या सुट्टीत येऊन ती मला सांगायची, आणि मला कबूल करायला हवं, त्यातलं कितीतरी मी तिच्याकडूनच शिकलो. प्रवाह एखाद्या जीवाला त्याच्या हद्दीबाहेर नेऊन सोडतो, तिथे तो जगतो, खातो, वाढतोही. पण पाणी जरासं गार असलं की त्याची अंडी तग धरत नाहीत. म्हणजे तो तिथे दिसतो, पण तिथला होत नाही. आपल्या अरबी समुद्रात पृष्ठभागाखाली काही अंतरावर प्राणवायू इतका कमी होतो की पुष्कळ मासे त्याच्याखाली उतरत नाहीत; वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही, माशाला मात्र तो तळच. हे सांगताना ती हात पसरून थर दाखवायची. एम.एस्सी.ला किनाऱ्यावरच्या विद्यापीठात सागरी जीवशास्त्र घ्यायचं तिने ठरवलं होतं. "बाबा म्हणते, मेरिट लिस्टमध्ये नाव आलं तं जा. नाही आलं तं इथंच कर."

सगळं त्या यादीवर होतं, आणि यादीत प्रात्यक्षिकाचे गुण धरले जात.

आता बरणीबद्दल सांगायलाच हवं. आमच्या कपाटात दोन बरण्या शेजारी शेजारी असत. एकीत वेलेला, दुसरीत पोर्पिटा. दोघंही भर समुद्रात पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणारे, जिवंतपणी गर्द निळे, एखाद्या नाण्याएवढे. फरक एवढाच की वेलेलाच्या पाठीवर पातळ, पारदर्शक शीड उभं असतं. ते तिरकं असतं, काहींचं एका अंगाला, काहींचं दुसऱ्या. त्यामुळे एकाच वाऱ्याने हे दोन तऱ्हांचे वेलेला वेगळ्या दिशांना जातात. कुठल्या किनाऱ्याला लागायचं ते त्यांच्या बाबतीत वारा ठरवतो. पोर्पिटाला शीड नसतं. ती गोल चकती, कडेने झालर. ती पाण्याबरोबर जाते.

त्या परीक्षेच्या तीन वर्षं आधी, मार्चअखेरीच्या स्टॉक तपासणीआधी आम्ही फॉर्मॅलिन बदलत होतो. नत्थूजी, आमचे प्रयोगशाळा परिचर, माझ्याहून वयाने मोठे. माझ्याच हातून वेलेलाची बरणी फरशीवर पडली. काच, शीड, सगळं केरात गेलं. डेड स्टॉक रजिस्टरात वेलेला एक, पोर्पिटा एक अशी नोंद होती. पण पुढच्या पानावर पोर्पिटा आधीच 'खराब' म्हणून बाद दाखवलेली, मागच्या कोणा साहेबांच्या सहीने, बरणी मात्र कपाटातच राहिलेली. आता वेलेला फुटला असं लिहायचं म्हणजे तीन प्रतींत अर्ज, प्राचार्यांची सही, समितीची बैठक, वर 'कोणाच्या हातून' हा रकाना. मी काय केलं? पोर्पिटाच्या बरणीवरचं जुनं लेबल ओलं करून काढलं आणि माझ्या सुवाच्य अक्षरात नवं चिकटवलं: वेलेला. रजिस्टर जुळलं.

नत्थूजी बघत होते. म्हणाले, "सर, हे तं दुसरं होय ना?"

मी म्हणालो, "कोण पाहते, नत्थूजी?"

ते काचा उचलून घेऊन गेले. आणि खरंच, तीन वर्षं कोणी पाहिलं नाही. मुलांना मी तीच बरणी दाखवून वेलेला शिकवला. दुसऱ्या वर्षापासून मलाही तो वेलेलाच वाटायला लागला, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो आहे. ते खोटं आहे. मला दरवेळी आठवायचं, फक्त आठवण येऊन पुढे निघून जायची.

परीक्षा बॅचवार तीन दिवस होती. विशाखाच्या, म्हणजे तिसऱ्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक सकाळीच आले. हसतमुख, गोड बोलणारे गृहस्थ. आमच्या पद्धतीप्रमाणे त्यांना तर्री-पोहे झाले, तर्रीने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, सगळे हसलो. दुपारी तोंडी परीक्षा. विशाखा आत आली. त्यांनी आडनाव विचारलं. आमच्याकडे तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्याचे गुण कोणत्या रकान्यात धरायचे ते कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. तिने सांगितलं. वडील काय करतात, तेही सांगितलं.

मग त्यांनी कपाटातून हाताला आली ती बरणी उचलली आणि लेबल स्वतःकडे करून टेबलावर ठेवली. "ओळखा."

तिने वाकून, डोकं एका बाजूला करून नीट बघितलं. आमच्या पोरांपैकी दुसरं कोणीही बरणी बघून उत्तर दिलं असतं. तिने प्राणी पाहिला. "पोर्पिटा, सर."

परीक्षकांनी बरणी फिरवली. लेबल तिच्यासमोर आलं, माझ्या सुवाच्य अक्षरातलं. "हं. मग हा वेलेला खुल्या समुद्रात कुठवर पसरतो आणि कशाने थांबतो, ते सांगा."

क्रमाने सहा मुद्दे म्हटले असते तर सुटली असती. पण ती गडबडली, आणि गडबडली की तिच्या तोंडून घरची बोली यायची. "सर, ते सांगाच्या आधी हा कोणता होय ते ठरवा लागन ना. वेलेला असन तं वाऱ्याचं सांगावं लागते. पण याले शीडच नाही."

परीक्षक 'याले' ऐकून हसले. वाईट हेतूने नाही. पाहुणा हसतो तसे. आणि माझ्याकडे वळून बघितलं.

त्या क्षणी मला सगळं आठवत होतं. फुटलेली काच, ओलं करून काढलेलं लेबल, नत्थूजींचा प्रश्न. 'लेबल चुकलंय, मुलगी बरोबर आहे' एवढं बोलायला कितीसा वेळ लागला असता? माझी आई मरेपर्यंत मले-तुलेच बोलली, मी घरात आजही तसंच बोलतो, आणि तरी त्या पाहुण्यासमोर मला त्या मुलीच्या बोलण्याचा संकोच वाटला. मी म्हणालो, "विशाखा, लेबल वाचता येतं ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बरणीकडे बघितलं. मग म्हणाली, "हो सर. वेलेला." पुढचे सहा मुद्दे तिने नोट्समधल्या क्रमाने सांगितले, खारेपणा पहिल्या नंबरवर ठेवून.

गुण आधी पेन्सिलने लिहायचे आणि संध्याकाळी शाईने पक्के करायचे, ही आमची रीत. त्या मधल्या तासाभरात अंतर्गत परीक्षकाने आपल्या हुशार मुलांसाठी शब्द टाकायचा असतो; 'सर, ही आपली चांगली मुलगी आहे, जरा बघून घ्या' एवढंच. मी तीन जणांसाठी तो टाकला. तिच्या आकड्याशी आलो तेव्हा परीक्षक म्हणाले, "ही जरा वाद घालते, नाही?" मी म्हणालो, "हो, थोडी." त्यांनी शाईचं पेन उघडलं.

सगळे गेल्यावर मी बरणी खिडकीशी नेऊन उजेडात धरली. गोल चकती, कडेने झालर. पाच वाजले होते, बाहेर ऊन अजून कडक होतं, आणि मी खिडकीशी उभा राहून, अजूनही परीक्षकांना फोन करता येईल, असा विचार करत होतो. फोन केला नाही.

जूनमध्ये यादी लागली. विशाखाचं नाव थोडक्यात हुकलं. ती मला भेटायला आली. "सर, बाकी सगळ्यांत चांगले हायेत. प्रॅक्टिकलमध्येच कमी काहून आले असन?" मी म्हणालो, "ते बाहेरच्या परीक्षकांच्या हातात असतं, बेटा." बेटा म्हणालो. हा शब्द मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त टोचतो.

या गोष्टीला तेरा वर्षं झाली. मधल्या काळात मी कितीतरी मार्च काढले, त्या धड्याचा विचार करत. खुल्या समुद्रात कुंपण नसतं, तरी जीव अडतो. तसंच हिचं झालं, असं मला पुष्कळदा लिहावंसं वाटलं. पण ही तुलना फार सोपी आहे आणि माझ्या फार सोयीची. गार पाणी कोणावर दात धरून नसतं. त्याला लाज नसते, पाहुण्यासमोर मान राखायचा नसतो, रजिस्टर जुळवायचं नसतं. पोर्पिटाला जे अडवतं त्यावर रागवता येत नाही. विशाखाला ज्याने अडवलं त्याला नाव आहे, पेन्शन आहे, आणि तो रोज संध्याकाळी बागेत पाच फेऱ्या मारतो.

यंदा मार्चमध्ये कॉलेजातून फोन आला. प्रयोगशाळा नव्या इमारतीत जाते आहे, जुन्या बरण्यांतल्या कोणत्या ठेवायच्या ते सर, तुम्ही येऊन सांगाल का? गेलो. कपाटं तीच. यादी करायला बसलो तर एक बरणी जागेवर नव्हती. नवीन विभागप्रमुख बाईंनी वही दाखवली. "ती बाहेर आहे, सर. सक्करदऱ्याच्या शाळेत विशाखा मॅडम आहेत, त्या दरवर्षी मुलींना दाखवायला नेतात. तुमच्याच विद्यार्थिनी ना?" वहीत ओळीने सह्या होत्या. वेलेला, नेला. वेलेला, परत. दरवर्षी, मार्चमध्ये.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. म्हणाली, "मंग मले काय सांगून राहिले? तिले जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी गेलो. सक्करदऱ्याच्या तलावाच्या पलीकडे, दोन मजली शाळा. वरच्या व्हरांड्यातून तिचा आवाज ओळखू आला, जरा जाड झालेला, पण तोच. दार उघडं होतं. तीसेक मुली, टेबलावर बरणी. मी दाराबाहेरच थांबलो. ती समुद्राचंच सांगत होती, आणि माझ्यापेक्षा किती छान सांगत होती. हात पसरून थर दाखवत होती.

पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून बरणीजवळ आली, वाकली. "मॅडम, शीड कुठं हाय याचं?"

माझा हात दाराच्या चौकटीवर होता, तो तिथेच राहिला.

विशाखा म्हणाली, "बरोबर पाहिलं तू. पण लेबल वाच बरं. वेलेला लिहिलं हाय ना? मंग शीड फॉर्मॅलिनमध्ये झडलं असन. आपल्याले नाही दिसत म्हणून नव्हतंच, असं नसते." मुलगी "हो मॅडम" म्हणून जागेवर जाऊन बसली.

घंटा झाली. विशाखा बाहेर आली, मला बघून थबकली, मग वाकून नमस्कार करायला लागली. मी हात धरून तिला थांबवलं. "सर, तुम्ही? फोन केला असता तं मीच आली असती. जार द्यायचा राहिला म्हणून आले का? उद्या पाठवतेच."

मी म्हणालो, "झडलं असेल, हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, सर. त्या दिवशी प्रॅक्टिकल झाल्यावर घरी जाऊन लय विचार केला. मले तं शीड दिसलं नाही, आणि लेबल तुमच्या हातचं. तुम्ही काही चुकीचं लावणार थोडीच. मंग ध्यानात आलं, झडलं असन." ती हसली. "तेव्हापासून मी आधी लेबल वाचते. मुलींलेही तेच सांगते."

व्हरांड्यात मुलींची पळापळ चालली होती. मी कठड्याला धरून उभा राहिलो आणि सांगितलं. शीड झडलेलं नाही. ती पोर्पिटाच आहे. तू बरोबर होतीस. वेलेला माझ्या हातून फुटला, लेबल मी बदललं, रजिस्टरासाठी. तू बोललीस तेव्हा मला हे सगळं माहीत होतं. जूनमध्ये तू विचारायला आलीस तेव्हाही. गुण परीक्षकांच्या हातात नव्हते, माझ्या एका शब्दावर होते.

तिने वर्गात जाऊन बरणी उचलली, उजेडाकडे धरून फिरवून बघितली, आणि पुन्हा टेबलावर ठेवली, लेबल भिंतीकडे करून. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा शिक्षिकेचा राहिला नव्हता.

"तुम्हाले माहीत होतं," ती म्हणाली, "मंग काहून नाही बोलले?"

तेरा वर्षांत मी या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं तयार केली होती. परीक्षक पाहुणे होते. रजिस्टरचं प्रकरण निघालं असतं. ऊन होतं, घाई होती. त्यातलं प्रत्येक थोडंथोडं खरं आहे. पण तिच्यासमोर उभा राहिल्यावर त्यातलं एकही तोंडातून निघेना. निघालं ते, जे मी बायकोला सगळं सांगतानाही गाळलं होतं.

"दोन दिवस आधी सकाळच्या बॅचमध्ये रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांचा मुलगा होता," मी म्हणालो. "त्याने एका शिंपल्याचं लेबल चुकलंय म्हणून दाखवलं. याच परीक्षकांसमोर. मी त्याची पाठ थोपटली, तिथल्या तिथे लेबल बदललं आणि त्याला गुण वाढवून दिले. त्या दिवशी तुझ्या जागी तो असता, तर मी बोललो असतो."

विशाखाने मान हलवली, जरासुद्धा न दचकता.

"ते तं मले तेव्हाच समजलं होतं, सर," ती म्हणाली. "शीडाचंच तेवढं समजलं नव्हतं."